विचारा की! : एकोणसाठ सामन्यांचा सौदा

दोन महिन्यांपूर्वी याच सदरात, क्रिकेटमधल्या विक्रमांवरच्या एका उत्तरात, मी जाता जाता एक ओळ टाकली होती : ‘अमेरिकेत 1884 साली रॅडबर्न नावाच्या बेसबॉल पिचरनं एका हंगामात 59 सामने जिंकले, तेही हात वर होत नसताना.’ (पिचर म्हणजे बेसबॉलमधला बॉलर.) ओळ टाकली आणि विसरलो. तिच्यावर तीन पत्रं आलीत. पहिलं वाचून माझी झोप गेली, म्हणून जास्त जागा त्यालाच.

प्रश्न : काका, स.न.वि.वि. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा. मुलगा नववीत आहे. शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर आहे. गेले दोन महिने त्याचा उजवा खांदा दुखतोय. सरांना सांगितलं, तर त्यांनी तुमच्या सदरातली ती ओळ सगळ्या पोरांसमोर वाचून दाखवली आणि म्हणाले, ‘बघ, हा माणूस हात वर होत नसताना 59 मॅच जिंकला. तुझं काय घेऊन बसलास?’ पोरगं आता दुखतंय म्हणून सांगायलाच तयार नाही. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे काय? आणि खरं असेल, तर त्या माणसाचा हात टिकला कसा?

उत्तर : आधी पोराचा हात बघू, रॅडबर्न मागनं. त्याचं फेकणं आजच बंद करा. हाडांच्या डॉक्टरला दाखवा आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत बॉल हातात देऊ नका. चौदा-पंधराव्या वर्षी खांद्याच्या नि कोपराच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात. तो भाग कच्चा असतो आणि रोज तोच झटका बसला की दुखावतो. दोन महिन्यांचं दुखणं बाम चोळून जात नसतं. अमेरिकेत मुलांच्या लिटल लीगमध्ये 13 ते 16 वयाच्या पिचरला दिवसाला 95 च्या वर बॉल टाकू देत नाहीत. चौदा वर्षांपर्यंतच्या पोरानं 66 किंवा त्याहून जास्त टाकले, तर पुढं चार दिवस सक्तीची सुट्टी. हे सरांना दाखवा. ज्या देशातला रॅडबर्न, त्याच देशातला हा नियम आहे म्हणावं.

आता माझी ओळ. ती खोटी नाही, पण अर्धी आहे, आणि अर्धी लिहिणारा मीच. तेव्हा उरलेली अर्धी आज लिहितो. सर ही पण वाचून दाखवतील अशी आशा आहे.

चार्ल्स रॅडबर्न 1854 साली न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला जन्मला आणि इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावात वाढला. बाप खाटीक, पोरगाही आधी त्याच धंद्यात. नॅशनल लीगमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत, 1880 ला बफेलोकडून आला तेव्हा पिचर म्हणून नव्हे, साधा फील्डर म्हणून. 1881 ला प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघानं घेतला आणि तिथं त्याच्या हातात बॉल आला. तरी मधनंमधनं फील्डिंगलाही उभा राहायचा. 1882 च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटविरुद्ध एक सामना 17 इनिंग शून्य-शून्य चालला होता. (बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये दोन्ही संघांचे तीन-तीन गडी बाद होतात. सामना नऊ इनिंगचा, बरोबरी झाली तर पुढं चालू.) पिचर होता त्याचा सोबती जॉन वॉर्ड. रॅडबर्न राइट फील्डला उभा होता. अठराव्या इनिंगला त्यानंच होम रन मारला आणि 1-0 नं सामना संपवला. या वॉर्डचं नाव ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

त्या काळच्या संघात पिचर दोनच असायचे. आलटून पालटून टाकायचं, आणि सुरू केलेला सामना शेवटपर्यंत न्यायचा. दुखापत झाल्याशिवाय बाहेरचा माणूस आत घेता येत नसे. पिचर बदलायचाच तर मैदानातल्याच फील्डरशी अदलाबदल. हा नियम आत्ता कंटाळवाणा वाटेल, पण सगळं रामायण इथूनच सुरू होतं.

1884 ला प्रॉव्हिडन्सचा दुसरा पिचर होता चार्ली स्वीनी. वयानं लहान, हातात जादू. 7 जूनला त्यानं बॉस्टनविरुद्ध 19 वेळा स्ट्राइक आउट केलं, म्हणजे फील्डरच्या मदतीशिवाय नुसत्या फेकीवर बॅट्समन बाद केला. नऊ इनिंगच्या सामन्यातला तो आकडा 1986 साली रॉजर क्लेमन्सनं 20 करेपर्यंत कुणी ओलांडला नव्हता. असला पोरगा शेजारी आला की जुन्या माणसाच्या पोटात काय होतं, हे तालमीत राहिलेल्याला सांगायला नको. रॅडबर्ननं आदल्या वर्षी 632 इनिंग टाकून 48 सामने जिंकून दिलेले, आणि आता कौतुक सगळं स्वीनीचं. तो कुढायला लागला, कॅचरशी (बेसबॉलमधल्या विकेटकीपरशी) भांडला, वाकडंतिकडं फेकायला लागला. जुलैच्या मध्यावर संघानं त्याला निलंबित केलं.

आठवडा गेला नाही तोवर, 22 जुलैला, दारू पिऊन मैदानात उतरलेल्या स्वीनीला मॅनेजर फ्रँक बँक्रॉफ्टनं सांगितलं, तू आता फील्डला जा, दुसऱ्याला टाकू दे. स्वीनी फील्डला गेला नाही. तो थेट मैदानाबाहेर गेला! बाहेरचा माणूस घेता येत नाही, म्हणून उरलेले आठ जण खेळले. हातातली आघाडी गेली, सामनाही गेला. स्वीनीला संघातनं काढलं, तर तो सेंट लुईसच्या नव्या संघाकडं गेला. एक पिचर पळालेला, एक निलंबित. संघच मोडून टाकायचा का, इथपर्यंत मालकांची चर्चा गेली.

आता नीट वाचा. बँक्रॉफ्ट रॅडबर्नकडं गेला आणि रॅडबर्ननं अट घातली. उरलेला हंगाम मी एकटा टाकतो. पगार वाढवा, आणि हंगाम संपला की मला मोकळं करा.

हे ‘मोकळं करा’ म्हणजे काय, ते कळलं नाही तर 59 आकडा नुसता तमाशा वाटतो. 1879 पासून लीगच्या मालकांनी एक कलम काढलं होतं. संघानं ज्या खेळाडूचं नाव राखून ठेवलं, त्याला दुसऱ्या कुठल्याच संघानं घ्यायचं नाही. करार एक वर्षाचा, पण दावं कायमचं. आपल्याकडच्या सालगड्याला निदान पाडव्याला मालक बदलता यायचा. उचल फेडली की घोंगडं खांद्यावर टाकून तो दुसऱ्या वाड्यावर जायचा. या खेळाडूंना तो पाडवाच नव्हता. हे कलम मोडायला 1975 साल उजाडावं लागलं.

तेव्हा रॅडबर्न जे फेकत होता, ते आपला पाडवा मिळवायला फेकत होता. जिद्द होतीच, तिला मी कमी लेखत नाही. पण सर म्हणतात तशी ती फुकटची जिद्द नव्हती. अट आधी ठरली, मग हात कामाला लागला.

आणि काय लागला! ऑगस्ट ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्यानं ओळीनं 18 सामने जिंकले. अख्ख्या हंगामात 73 सामने सुरू केले आणि 73 च्या 73 शेवटपर्यंत नेले. एकूण 678 इनिंग आणि वर दोन गडी. म्हणजे 2036 गडी बाद होईपर्यंत हाच एकटा उभा. स्ट्राइक आउट 441. प्रॉव्हिडन्सनं वर्षभरात 84 सामने जिंकले, त्यात 59 याचे. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लीगच्या विजेत्याशी, न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सशी, तीन दिवसांत तीन सामने झाले. तिन्ही यानंच टाकले, तिन्ही जिंकले.

हाताचं म्हणाल तर, सकाळी केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जात नसे असं सांगतात. मैदानावर इतरांच्या आधी यायचा. आधी कॅचरपासून चार पावलांवर उभा राहून हळूच बॉल सोडायचा, मग एकेक पाऊल मागं सरकत सरकत, खांदा तापेल तसं, पूर्ण अंतरावर जायचा. हे वाचताना मला आमच्या उद्यमबागेतलं जुनं लेथ मशीन आठवतं. थंडीच्या दिवसांत सकाळी एकदम लोड दिलं की ते कण्हायचं. आधी दहा मिनिटं मोकळं फिरवावं लागायचं.

तुमचा प्रश्न, टिकला कसा? एक तर अंतर. तेव्हा पिचर 50 फुटांवरनं टाकायचा. आजचं 60 फूट 6 इंच हे अंतर 1893 मध्ये आलं, तोवर हा निवृत्त. दुसरं म्हणजे फेकायची पद्धत. खांद्याच्या वरनं फेकायला नॅशनल लीगनं त्याच वर्षी, 1884 लाच, मोकळीक दिली; पण याचा भर जुन्या, खालनं टाकायच्या पद्धतीवरच जास्त. खांद्याला ती बरीच हलकी. तुमचा पोरगा वरनं, पूर्ण ताकदीनं फेकतो, ते आणि हे एक नाही. शिवाय चुकीचे सहा बॉल पडले तरच बॅट्समनला फुकट बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, मिळायचा, आज चारावर मिळतो. म्हणजे श्वास घ्यायला जागा होती. उलट बाजूही सांगतो, नाहीतर पुन्हा अर्धंच लिहिल्यासारखं व्हायचं. बॅट्समन आधीच सांगायचा, मला वर पाहिजे की खाली पाहिजे, आणि पिचरनं तिथंच टाकायचं! आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये असं कुणी मागितलं असतं, तर बॅट हिसकावून घरी पाठवला असता.

पण ‘टिकला’ हा शब्द मी वापरणार नाही. पुढच्या वर्षी 28 जिंकले, 21 हरला. 1886 ला बॉस्टनकडून 27 जिंकले, 31 हरला. 1888 ला 7 जिंकले आणि 16 हरला. मधनंमधनं उसळी मारायचा, पण 1884 चा हात परत आला नाही. 1891 ला सिनसिनाटीकडून शेवटचं खेळला. बेरीज तीनशेच्या वर गेली, ती थोडीथोडकी नव्हे.

मोकळीक मिळाल्यावर तो 1885 ला राहिला प्रॉव्हिडन्सलाच. काही लोक याला हसतात. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही. दार उघडं असताना घरात बसणं वेगळं, कडी घातलेली असताना वेगळं. आणि 1890 ला तोच जॉन वॉर्ड पुढं झाला, खेळाडूंनी मालकांना सोडून स्वतःची प्लेअर्स लीग काढली, तेव्हा रॅडबर्न तिकडं गेला. 27 जिंकले, त्याच्या बॉस्टननं लीग जिंकली. लीग एका वर्षातच बुडाली, ते जाऊ दे.

माझं सांगतो, म्हणजे मी हे इतकं तावातावानं का लिहितोय ते कळेल. बाविसाव्या वर्षी मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत टर्नर होतो आणि कारखान्याच्या टेनिस बॉल टीमचा एकमेव फास्ट बॉलर. नाव सांगत नाही, मालक आता नाहीत. त्यांना ढाल पाहिजे होती. एका रविवारी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी एक, दुपारी एक आणि उन्हं कलताना फायनल, अशा तीन मॅच मला टाकायला लावल्या. दुपारनंतर दंडापासून मनगटापर्यंत मुंग्या. सांगितलं, तर ‘मर्द आहेस ना?’ ढाल आली, ऑफिसात काचेच्या कपाटात बसली. मला पाव किलो कुंदा. सोमवारी लेथच्या चकची चावी फिरेना, तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला! आज चौसष्टाव्या वर्षीही पाठीला साबण लावायला डावा हात लागतो. कुंद्याला नाव ठेवत नाही हो, कुंदा चांगला होता. पण मी काहीच अट घातली नव्हती. घालता येते हेच ठाऊक नव्हतं.

सरांना एवढंच विचारा, या पोराला 59 च्या बदल्यात काय मिळणार आहे? आणि पोराला सांगा, दुखतंय हे रॅडबर्नही सांगायचा, म्हणून तर सव्वाशे-दीडशे वर्षांनी तुला आणि मला ते ठाऊक आहे.

प्रश्न : काका, त्याला ‘ओल्ड हॉस’ म्हणत असं वाचलं. याचा अर्थ काय? आणि पुढं त्याचं काय झालं? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : हॉस म्हणजे हॉर्सच, गावंढळ उच्चारातला. म्हातारा घोडा. आपल्या बाजूला असता तर त्याला बैल म्हटलं असतं, आणि पोळ्याला शिंगं रंगवायची मस्करीही केली असती.

स्वभावानं मात्र घोडा कमी, खेचर जास्त. 1886 चा हंगाम सुरू होताना बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या खेळाडूंचा एकत्र फोटो काढला. सगळे गंभीर चेहऱ्यानं उभे. मागच्या रांगेत हा महाशय कॅमेऱ्याकडं मधलं बोट दाखवतोय. तसं बोट दाखवल्याचा हा माहीत असलेला सगळ्यात जुना फोटो म्हणतात. संपादकांना मी तो छापा म्हणालो, त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

खेळ सुटल्यावर ब्लूमिंग्टनला त्यानं बिलियर्डचा अड्डा आणि दारूचं दुकान चालवलं. 1894 ला शिकारीत बंदूक उडाली, एक डोळा गेला, चेहरा बिघडला. मग तो लोकांसमोर यायचं टाळायला लागला, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून राहायचा. फेब्रुवारी 1897 ला गेला, वय अवघं 42. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत, 1939 ला नाव लागलं.

प्रश्न : तुम्ही 59 लिहिलंत. मला काही ठिकाणी 60 सापडलं. चूक कुणाची? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : चूक कुणाचीच नाही, आणि शहापूरकरांची नजर बारीक हे मान्य. 28 जुलै 1884 चा फिलाडेल्फियाचा सामना आहे हा. सुरुवात सायक्लोन मिलर नावाच्या दुसऱ्याच पिचरनं केली, पाच इनिंग टाकल्या. उरलेल्या चार रॅडबर्ननं टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. प्रॉव्हिडन्स जिंकलं. तिथल्या स्कोअररला वाटलं, खरं काम रॅडबर्ननं केलं, म्हणून विजय त्याच्या नावावर मांडला. तेव्हाच्या पद्धतीत ते बसत होतं. आजच्या नियमानं तो विजय मिलरचा. म्हणून कुणी 60 धरतं, कुणी 59. याच एका सामन्यापायी आयुष्यभराची बेरीजही कुठं 309 दिसते, कुठं 310. आपण सीमाभागातली माणसं. उतारा कानडीत, भांडण मराठीत, गावाच्या पाटीवर एक नाव आणि तोंडात दुसरं. एका गोष्टीच्या दोन नोंदी बघून आपण तरी दचकायला नको.

मी 59 का लिहिलं? खांदा गेल्यावर मी तेरा-चौदा वर्षं टुर्नामेंटना स्कोअरर म्हणून बसलो, कार्बन घालून, दोन प्रतींत. एकदा येळ्ळूरच्या एका पोराच्या बॉलिंगवर कॅच सुटला, त्याच बॉलवर बॅट्समन धावबाद झाला, आणि मी घाईत विकेट बॉलरच्या खात्यावर मांडली. त्याच्या पाच विकेट झाल्या, बक्षीस त्याला. रात्री वही तपासताना चूक दिसली. दुसऱ्या दिवशी आयोजकांना सांगितलं, तर ते म्हणाले, राहू दे हो, बक्षीस वाटून झालंय. मी माझ्या प्रतीत लाल पेनानं पाचाचे चार केले. त्यांच्या प्रतीत अजून पाचच असतील. त्या बॉलरला हे कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून खडेबाजारात समोर आला की तो पलीकडच्या बाजूनं जातो.